जुन्या व्हॅनचा पुढचा ब्रेक पकडून राहतोय? कॅलिपर उघडण्याआधी आणि उघडल्यावर

भांडुपला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. त्याची सगळी ने-आण २०११ सालची एक मारुती ईको व्हॅन करते. पहाटे वाशीच्या बाजारातून भाजी भरायची आणि ऐरोलीच्या पुलावरून परत यायचं. पुलाच्या उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी आपली आपण घरंगळत यायची. एका पावसाळ्यानंतर ती घरंगळेना. पाय काढला की कुणी मागून धरल्यासारखी लगेच मंदावायची, स्टिअरिंग डावीकडे ओढायचं, आणि घरी पोहोचेपर्यंत पुढच्या डाव्या चाकातून करपल्याचा वास यायचा. उजव्या चाकाजवळ हात नेला तर कोमट, डाव्याजवळ हात नेववत नव्हता.

तेव्हा एका गॅरेजने दोन्ही कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडांनी आवळणारे ब्रेकचे चिमटे) गेले असं सांगितलं आणि आम्ही दोन्ही बदलून घेतले. महिन्याभरात डावं चाक पुन्हा तसंच तापायला लागलं. दोष कॅलिपरमध्ये नव्हताच, कॅलिपरला ब्रेक ऑइल पोहोचवणाऱ्या रबरी पाइपात, म्हणजे होजमध्ये होता. त्यानंतर मी हे काम शिकून घेतलं, आणि आता सोसायटीच्या आवारात स्वतःच करतो. हे लिहितोय ते आजवर फक्त स्टेपनी बदललेल्या माणसासाठी. नक्की काय अडकलंय हे कळल्याशिवाय पिस्टन उघडू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. अर्धं काम शोधण्याचंच असतं, आणि ते करायला फार हत्यारंही लागत नाहीत.

आत काय चालतं

अशा व्हॅनच्या पुढच्या चाकांत बहुधा एका पिस्टनचा सरकता कॅलिपर असतो. पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि आतल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो. डिस्क काही बाजूला सरकत नाही, म्हणून आता कॅलिपरच उलट्या दिशेने सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गुळगुळीत आणि ग्रीस लावलेल्या असाव्या लागतात.

पाय काढल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग वगैरे काही नसते. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाचं एक रबरी सील असतं. दाब आला की ते पिस्टनबरोबर किंचित पिळतं आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. सारी मोकळीक तेवढीच. म्हणून पिनेवर थोडासा गंज, पॅडच्या बैठकीत थोडी मळी किंवा पिस्टनवर गंजाचा एखादा फोड आला, तरी ती केसभर माघार होत नाही आणि पॅड डिस्कला घासत राहतो.

मुंबईत हे लवकर होतं. हवा खारी आहेच, शिवाय चार महिने पाऊस आणि हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलला साचलेलं पाणी. तापलेला ब्रेक अशा पाण्यात गेला की फाटक्या रबरी बुटातून (पिना आणि पिस्टन झाकणाऱ्या आवरणातून) पाणी आत शिरतं आणि तिथेच राहतं. हे काम मे महिन्यातच उरकून घ्यावं.

सामान

जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी पेलणारे स्टँड), चाकाला लावायला दोन दगड किंवा लाकडी गुटके, रिंग पान्यांचा सेट, सॉकेट, वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, जाड तार, निप्पलवर (कॅलिपरमागच्या, ऑइल आणि हवा काढायच्या पोकळ स्क्रूवर) घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, एक प्लॅस्टिकची बाटली, हातमोजे, चष्मा आणि मास्क. ब्रेक क्लीनरचा एक स्प्रे घ्या.

ग्रीस घेताना मात्र चूक करू नका. पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस किंवा लाल रबर ग्रीसच लागतं. बेअरिंगचं नेहमीचं पिवळं ग्रीस खनिज तेलापासून बनतं. ते लागलं की ब्रेकमधलं रबर फुगतं आणि आज मोकळी केलेली पिन काही आठवड्यांनी पहिल्यापेक्षा घट्ट बसते. जुन्या गाडीच्या पिनांवर मला अनेकदा हेच पिवळं ग्रीस सापडलं आहे.

तसंच ऑइलचं. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते ग्लायकॉलवर आधारलेलं द्रव असतं, तेल नसतं. त्यात थोडंसं इंजिन ऑइल जरी पडलं तरी सगळी सीलं खराब होतात. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असा त्याचा दर्जा लिहिलेला असतो, तेच आणा आणि सीलबंद डबा आणा. कपाटात वर्षभर उघडा पडलेला डबा वापरू नका, कारण हे द्रव हवेतली वाफ शोषतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या डॉट ३ साठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घासत राहिलेला ब्रेक तेवढा सहज तापतो. मग नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. बोरघाट उतरताना असं झालं तर काय होईल ते सांगायला नको.

सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजारात मिळतात. दुकानात गाडीचं साल आणि चासी नंबर सांगा. जुना पॅड किंवा पिन बरोबर नेली तर आणखी बरं. ‘कॅलिपर किट’ मागितलं की सील आणि पिस्टनचा डस्ट बूट मिळतो; पिनांचे बूट त्यात आहेत का ते डोळ्यांनी पाहून घ्या. ब्रेकचा भाग वापरलेला घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

गाडी उचलताना

सोसायटीत बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉक असतात. त्यावर जॅक ठेवला की एखादा ब्लॉक खचतो आणि जॅक तिरपा होतो. खाली जाड फळी घ्या. जागा सपाट हवी. रॅम्पवर हे काम करायचं नाही. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा, हँडब्रेक ओढा आणि पहिला गिअर टाका. ईको आणि ओम्नीची मागची चाकं इंजिनावर चालतात, त्यामुळे गिअर मागच्या चाकांना धरून ठेवतो. गाडी जमिनीवर असतानाच व्हील नट थोडे ढिले करा, मग उचला आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी घोडी लावा. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालायचा नाही. वॉचमनला सांगून ठेवा की या गाडीला कुणी हात लावू नये, आवारात मुलं खेळत असतील तर जास्तच.

आधी शोध

चाक काढण्याआधी हाताने फिरवा. पॅड किंचित घासल्याचा आवाज प्रत्येक गाडीत येतो, त्याची काळजी नको. पण चाक एका हाताने फिरत नसेल किंवा सोडताच थबकत असेल, तर ते पकडतंय. आतून कुणाला तरी दोन-तीनदा ब्रेक दाबायला सांगा, पाय पूर्ण काढायला सांगा आणि पुन्हा फिरवा. दुसऱ्या बाजूचं चाकही असंच फिरवून पाहा, म्हणजे फरक कळेल. चाक वर-खाली धरून हलवून बघा. खडखडलं किंवा फिरताना घरघरलं तर दोष बेअरिंगचाही असू शकतो.

आता खरी परीक्षा. चाक पकडलेल्या स्थितीत असताना कॅलिपरच्या मागच्या निप्पलची रबरी टोपी काढा, नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निप्पल पाव फेरा उघडा.

ऑइलची चिळकांडी आली आणि चाक लगेच मोकळं झालं, तर पाय काढल्यावरही आत दाब कोंडलेला होता. कॅलिपर निर्दोष आहे, दाब परत जात नाहीये. एकच चाक असं करत असेल तर त्या चाकाच्या रबरी होजवर संशय घ्या. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून त्याचा थर सुटतो किंवा फुगतो. पायाचा दाब मोठा असल्याने ऑइल पुढे ढकललं जातं, परत येताना मात्र अडतं. आमच्या गाडीत हेच झालं होतं. दोन चाकं एकदमच पकडत असतील तर वर बघायला हवं, म्हणजे मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलवर आणणारा पंप) किंवा पेडल. पेडलला अगदी सुरुवातीला बोटाने दाबून थोडी ढिलाई जाणवली पाहिजे. ती नसेल तर मास्टर सिलिंडर पूर्ण मागे येत नाही आणि त्याचं परतीचं छिद्र झाकलेलं राहतं. ते काम गॅरेजचं.

निप्पल उघडूनही चाक तसंच घट्ट राहिलं, तर अडकलं आहे ते कॅलिपरमध्येच: पिन, पॅडची बैठक किंवा पिस्टन.

निप्पल जुना असेल तर उघडण्याआधी आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सहा कोनांचं सॉकेट वापरा. निप्पल पोकळ असतो. जोर केला की मोडतो, आणि मोडला की दहा मिनिटांच्या कामाला दिवस जातो.

पिन आणि पॅड

दोष कॅलिपरचा निघाला तर तो बहुतेक वेळा इथेच असतो. कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट काढा. बोल्टबरोबर पिन फिरत असेल तर ती दुसऱ्या पान्याने धरा. कॅलिपर उचलून बाजूला घ्या आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. होजवर लोंबकळत ठेवलात तर चांगला होजही आतून फाटेल.

पॅड काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर कॅलिपर सरकत नव्हता, म्हणजे पिना जाम. एकाच पॅडची झीज तिरपी असेल तर तो बैठकीत अडकत होता. पॅडचा घासणारा भाग ३ मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर नवे पॅड टाका, आणि ते नेहमी दोन्ही चाकांना. धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका. जुन्या पॅडच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, क्लीनरने ओली करा आणि फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

आता एकेक पिन हाताने ओढून काढा. वरची आणि खालची पिन पुष्कळदा वेगळी असते, एकीला टोकाशी रबर किंवा चपटा भाग असतो, म्हणून खुणा करून ठेवा. बाहेर यायला तयार नसेल तर बोल्ट परत लावून गोल फिरवत ओढा, वाटल्यास क्लीनर मारा. हातोडीने ठोकत बसू नका. पिन पुसून वायर ब्रशने घासा. वर खड्डे पडले असतील तर नवी घ्या, ती महाग नसते. भोकातलं जुनं ग्रीस फडक्याची वळी करून किंवा लहान बाटलीच्या ब्रशने पूर्ण काढा. ब्रश कोरडा आला पाहिजे.

ग्रीसचा फक्त पातळ थर द्या. भोक भरून ग्रीस भरलं की पिन आत दाबताना हवा कोंडते आणि पिन स्वतःहून बाहेर येऊ पाहते. पिन बोटाने आत ढकलली की सहज जावी, ओढली की सहज यावी. बूट खाचेत नीट बसला आहे का ते नख फिरवून पाहा. याच ठिकाणी घाई होते आणि पुढच्या जुलैत पाणी पुन्हा आत शिरतं.

पॅड ज्या खाचांत बसतात त्यांतल्या पत्र्याच्या क्लिपा काढून खाली साचलेला गंज कानशीने आणि ब्रशने साफ करा. पॅड हाताने ठेवून मागे-पुढे सरकला पाहिजे. ठोकून बसवावा लागत असेल तर गाडी पुन्हा पकडणार. डिस्कवर आणि पॅडच्या तोंडावर ग्रीस लागू देऊ नका. चुकून लागलंच तर डिस्क क्लीनरने धुवा, पॅड मात्र बदला. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, तीही पाहून घ्या.

पिस्टन

पिना मोकळ्या आहेत, पॅड सरकतात, तरी ब्रेक पकडत होता? मग पिस्टन मागे जातो का ते पाहा. निप्पल नळीसह उघडा आणि मोठ्या सी-क्लॅम्पने, जुना पॅड मध्ये ठेवून, पिस्टन हळूहळू आत दाबा. निप्पल उघडा असल्यामुळे कॅलिपरमधलं काळं ऑइल बाटलीत जातं, वर मास्टर सिलिंडरकडे ढकललं जात नाही. दाब काढण्याआधी निप्पल बंद करा, नाहीतर हवा आत जाईल. पिस्टन एकसारखा गेला आणि डस्ट बूट शाबूत असेल तर त्याला हात लावू नका.

तो अडखळत असेल किंवा बूट फाटून आत गंज दिसत असेल तर उघडावा लागेल. नवख्या माणसाने हे एकट्याने करू नये. पहिल्या वेळी जाणकार शेजारी हवा. पिस्टन काढायला कॉम्प्रेसरची हवा वापरू नका. पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा उडतो आणि मध्ये बोट असलं तर ते जातं. कॅलिपर होजला जोडलेलाच ठेवा, समोर जाड लाकडी ठोकळा द्या, दुसऱ्या बाजूचा कॅलिपर जागेवर असल्याची खात्री करा आणि आतल्या माणसाला पेडल सावकाश, थोडं थोडं दाबायला सांगा. बोटं लांब ठेवा. पिस्टन ठोकळ्याला टेकला की हाताने फिरवून काढा. खाली ट्रे हवा, कारण ऑइल सांडतं. ते गाडीच्या रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

पिस्टनच्या ज्या भागावर सील बसतं तिथे खड्डे किंवा सोललेलं क्रोम दिसलं तर पिस्टन नवीनच टाका. जाड पेपरने घासून चकचकीत केलेला पिस्टन दोन पावसाळेही टिकत नाही. जुनं सील लाकडी काडीने उचला, स्क्रू ड्रायव्हरने खाच ओरखडेल. खाचेतला गंज काढून सगळं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिटने धुवा. पेट्रोल आणि रॉकेल रबराला मारतात. नवं सील ताज्या ऑइलमध्ये भिजवून पीळ न पडता बसवा. मग किटमधला बूट लावून पिस्टन सरळ धरून अंगठ्यांनी दाबा. तो अंगठ्यांच्या जोरावर आत गेला पाहिजे. तिरपा झाला की बाहेर काढून पुन्हा सुरू करा. सिलिंडरची आतली भिंतच खड्ड्यांनी भरली असेल तर किटवर पैसे घालवू नका, नवा कॅलिपर घ्या.

होज बदलायचा असेल तर

दोन्ही बाजूंचे बदला, दोघांचं वय सारखंच असतं. कॅलिपरकडच्या बोल्टला नव्या तांब्याच्या वॉशरी लावा. होज पिळलेला राहता कामा नये. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून तो टायरला किंवा सस्पेन्शनला घासत नाही हे पाहा.

एअर काढणं

निप्पल उघडला असेल तर एअर काढावीच लागते. आमच्याकडे पेडलवर भाचा बसतो आणि मी निप्पलपाशी. मी म्हणतो “दाब”, तो दाबून धरतो आणि “धरला” म्हणतो. मी निप्पल उघडतो, ऑइल येतं, मी बंद करतो आणि मगच म्हणतो “सोड”. क्रम चुकला आणि निप्पल उघडा असताना पाय सुटला तर हवा आत ओढली जाते. म्हणून हे शब्द मोठ्याने उच्चारायचे, अंदाजाने काम करायचं नाही. नळीचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं ठेवा, बुडबुडे दिसतात. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत पुढचं डावं, मग उजवं. दर पाच-सहा वेळा दाबल्यावर टाकीतली पातळी बघा. ती खालच्या रेघेखाली गेली की सगळं पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरमधलं सील रोज जिथवर जातं त्याच्या पुढचा भाग गंजलेला असतो आणि तिथे ते कापलं जातं. मी पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवतो. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, बाटलीत बंद करून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला वेगळं म्हणून द्या.

गाडी हलवण्याआधी

सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (ठरवून दिलेल्या जोराने) आवळा. टॉर्क रेंच नसेल तर एखाद्या ओळखीच्याकडून घ्या. चाक लावून नट समोरासमोर आवळा.

मग इंजिन बंद असतानाच पेडल पुन्हा पुन्हा दाबा, ते कडक होईपर्यंत. पिस्टन आत ढकललेला असल्याने पहिल्या काही वेळा ते थेट खाली जातं. हे न करता गाडी काढली तर पहिल्याच ब्रेकला गाडी थांबत नाही आणि समोर गेट असतं. कडक झाल्यावर अर्धा मिनिट जोराने दाबून धरा. पेडल हळूहळू खाली जात असेल किंवा स्पंजासारखं लागत असेल तर हवा किंवा गळती आहे. गाडी तिथेच राहू द्या. सगळ्या जोडांवर कोरडा कागद फिरवून ओल आहे का ते पाहा.

पहिली चाचणी आवारात, चालण्याच्या वेगाने. मग पहाटे मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर, जोराचा ब्रेक न मारता. नवे पॅड असतील तर बसायला थोडं अंतर लागतं, तोवर ओझं भरू नका. परत आल्यावर चाकाला न लागता दोन्ही बाजूंना हाताची पाठ जवळ न्या. धग सारखी हवी. पन्नास किलोमीटरनंतर व्हील नट पुन्हा तपासा.

आमच्या ईकोचं काम संपवलं त्याच्या दुसऱ्या पहाटे वाशीहून येताना ऐरोलीच्या पुलावर मी पाय काढला. मागे दीडशे किलो कांदा होता. उतार संपेपर्यंत गाडी घरंगळत आली.